पातेली एकत्र, पाककृती वेगळ्या

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेत हा प्रसंग येतो. त्या दिवसाचा खेळ संपलेला असतो, चहाचे कप बाजूला सरकवलेले असतात आणि डंजन मास्टरने, म्हणजे डीएमने, सगळ्यांची एक लेव्हल वाढल्याचं जाहीर केलेलं असतं. क्लेरिक खेळणारी मुलगी कॅरेक्टर शीट पुढे ओढते, पेन्सिल उचलते आणि थबकते. "दादा, मी आता थोडी विझर्डपण झाले तर चालेल का?"

चालतं. नियमांत दुसरा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, घेण्याची सोय आहे, तिला मल्टिक्लासिंग म्हणतात. पण या 'थोडी'ची किंमत किती, ती कधी चुकवावी लागते आणि बदल्यात हातात काय पडतं, हे समजेपर्यंत बऱ्याच जणांच्या दोन-तीन लेव्हल खर्च झालेल्या असतात. मग 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण टेबलावर कुणीतरी काढतंच. ती खोटी ठरवता येते, मात्र त्यासाठी या नियमाचं यंत्र आतून कसं चालतं ते एकदा सावकाश पाहायला हवं.

लेव्हल आणि पायरी

इंग्रजी नियमपुस्तकात एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला आहे आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. तुमचं कॅरेक्टर १ ते २० लेव्हलपर्यंत वाढतं. मंत्रांनाही 'लेव्हल' असतात, पण त्या १ ते ९. पाचव्या लेव्हलच्या विझर्डला पाचव्या लेव्हलचे मंत्र येतात, असं नवखा खेळाडू साहजिकच समजतो. प्रत्यक्षात त्याला तिसऱ्यापर्यंतचेच येतात. म्हणून या लेखापुरतं कॅरेक्टरची ती 'लेव्हल' आणि मंत्राची ती 'पायरी' म्हणू.

तिसरा शब्द स्लॉट. मंत्र म्हणायला शक्ती लागते आणि ती ठरावीक मापांत मिळते. तिसऱ्या पायरीचा मंत्र म्हणायला तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या पायरीचा एक स्लॉट खर्ची पडतो. लांब विश्रांती, म्हणजे साधारण ८ तासांची झोप, घेतली की स्लॉट परत मिळतात. स्वयंपाकघरात पाहायचं तर स्लॉट म्हणजे पातेली आणि मंत्र म्हणजे पाककृती. मोठी पाककृती लहान पातेल्यात मावत नाही. लहान पाककृती मोठ्या पातेल्यात मात्र करता येते, आणि काही पाककृती मोठ्या पातेल्यात जास्त माणसांना पुरतात. दोन क्लासच्या मांत्रिकाचं सगळं गणित या पातेल्यांभोवती फिरतं.

जुना प्रश्न, नवी उत्तरं

दोन विद्या एकाच माणसाला याव्यात, ही इच्छा या खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीने त्या इच्छेची वेगळी किंमत लावली. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाडूंच्या पुस्तकात एल्फसारख्या मानवेतर वंशांना दोन क्लास एकाच वेळी चालवता येत, पण मिळालेला अनुभव दोन्हींत वाटला जाई. माणसाला आधीचा क्लास थांबवून दुसरा सुरू करावा लागे.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने दार सताड उघडलं: दर लेव्हलला हवा तो क्लास घ्या. मांत्रिकांना मात्र ही मोकळीक महागात पडली, कारण प्रत्येक क्लासची पातेलीही वेगळी होती. पाच लेव्हल विझर्डच्या आणि पाच क्लेरिकच्या घेतलेला दहाव्या लेव्हलचा मांत्रिक दोन्हीकडे पाचव्या लेव्हलचाच राही. शेजारचा निव्वळ विझर्ड पाचव्या पायरीचे मंत्र टाकत असताना हा तिसऱ्या पायरीवर अडकलेला. ही उणीव भरून काढण्यासाठी मिस्टिक थिअर्ज नावाचा खास क्लास ठेवावा लागला, जो दोन्हीकडचे मंत्र एकदम पुढे नेत असे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. पातेली एकत्र केली आणि पाककृती वेगळ्या ठेवल्या. आज बहुतेक टेबलांवर हाच नियम चालतो. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही तोच आहे, काही तपशील तेवढे बदलले आहेत. ते वाटेत सांगत जाईन.

दारावरचा आकडा: १३

दुसरा क्लास घेण्याआधी एक अट पुरी करावी लागते. प्रत्येक क्लासचे एक किंवा दोन मुख्य गुण असतात आणि त्यांत किमान १३ हवेत. विझर्डला इंटेलिजन्स. क्लेरिक आणि ड्रुइडला विझडम. बार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉकला करिझ्मा. पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा दोन्ही, रेंजरला डेक्स्टेरिटी आणि विझडम दोन्ही. नवखे हमखास विसरतात ती गोष्ट अशी की अट ज्या क्लासमध्ये जायचं त्याचीच नाही, ज्यात आहात त्याचीही पाळावी लागते.

१३ मिळवणं तसं अवघड नाही. पुस्तकातला तयार संच १५, १४, १३, १२, १०, ८ असा आहे. खरा प्रश्न तेरावर थांबल्यावर येतो. १३ चा फायदा असतो फक्त +१. तुमचा मंत्र चुकवण्यासाठी शत्रूला जो आकडा गाठावा लागतो तो ८ अधिक प्रावीण्य बोनस अधिक तुमच्या गुणाचा फायदा असा निघतो. पाचव्या लेव्हलला प्रावीण्य +३ असतं. विझडम १६ असलेल्या क्लेरिकचा आकडा ८ + ३ + ३ म्हणजे १४. तिच्याच हातून, इंटेलिजन्स १३ च्या जोरावर, विझर्डचा मंत्र सुटला तर ८ + ३ + १ म्हणजे १२. वीस बाजूंच्या फाशावर एकेक आकडा ५ टक्क्यांचा असतो. म्हणजे विझर्डचा प्रत्येक असा मंत्र शत्रू १० टक्के अधिक वेळा चुकवणार.

म्हणून जाणते खेळाडू एकाच गुणावर चालणाऱ्या जोड्या आधी पाहतात. करिझ्माच्या घरात बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन असे चौघे राहतात. विझडमच्या घरात क्लेरिक, ड्रुइड आणि रेंजर. मूळ पुस्तकातल्या पूर्ण मांत्रिकांत इंटेलिजन्सचं घर मात्र विझर्डच्या एकट्याचं आहे. त्यामुळे विझर्डशी सोयरीक करणाऱ्या जवळपास प्रत्येक मांत्रिकाला दोन गुण पोसावे लागतात.

पातेली कशी मोजायची

बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर आणि विझर्ड हे पाच पूर्ण मांत्रिक. त्यांच्या लेव्हल जशाच्या तशा एकमेकींत मिळवायच्या. येणारी बेरीज म्हणजे तुमची मांत्रिक-लेव्हल. मग पुस्तकातल्या एकाच तक्त्यात त्या ओळीवर बोट ठेवायचं. तक्त्याचा सुरुवातीचा भाग असा:

मांत्रिक-लेव्हल १: पहिल्या पायरीचे २ स्लॉट.
मांत्रिक-लेव्हल ३: पहिल्या पायरीचे ४, दुसऱ्या पायरीचे २.
मांत्रिक-लेव्हल ५: पहिल्याचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २.
मांत्रिक-लेव्हल ७: ४, ३, ३ आणि चौथ्या पायरीचा १.
मांत्रिक-लेव्हल ९: ४, ३, ३, ३ आणि पाचव्या पायरीचा १.

सतराव्या ओळीवर नवव्या पायरीचा एकुलता एक स्लॉट मिळतो. तीन लेव्हल क्लेरिक आणि दोन लेव्हल विझर्ड असलात तरी तुम्ही पाचव्याच ओळीवर, आणि निव्वळ पाच लेव्हलचा विझर्डही त्याच ओळीवर. पातेल्यांच्या बाबतीत तुमचं काहीच गेलेलं नाही.

आता दुसरी बाजू. कोणते मंत्र येतात हे ठरवताना प्रत्येक क्लास एकटाच आहे असं धरायचं. तीन लेव्हलच्या क्लेरिकला दुसऱ्या पायरीपर्यंतचे मंत्र तयार करता येतात. दोन लेव्हलच्या विझर्डच्या वहीत फक्त पहिल्या पायरीचे. बेरीज पाच झाली म्हणून तिसऱ्या पायरीचा एकही मंत्र मिळत नाही. तिसऱ्या पायरीची दोन पातेली फडताळात आहेत, त्या मापाची पाककृती एकही नाही.

इराचा कागद

सुरुवातीच्या त्या मुलीच्या कॅरेक्टरला इरा म्हणू. पाचव्या लेव्हलची इरा: क्लेरिक ३, विझर्ड २. विझडम १६, इंटेलिजन्स १३. तिच्या शेजारी बसला आहे निव्वळ विझर्ड ५.

विझर्ड तिसऱ्या पायरीचं पातेलं वापरून फायरबॉल टाकतो. सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८ चं नुकसान, आणि तेही वीस फूट त्रिज्येत सापडलेल्या प्रत्येकाला. इराकडे तेच पातेलं आहे. त्यात ती काय करू शकते?

मॅजिक मिसाइल हा पहिल्या पायरीचा मंत्र मुळात ३ बाण सोडतो आणि वरच्या प्रत्येक पायरीला एक बाण वाढतो. तिसऱ्या पायरीच्या स्लॉटमधून ५ बाण, प्रत्येकी सरासरी साडेतीन, मिळून साडेसतरा. बाण चुकत नाहीत हे खरं, पण फायरबॉलशी तुलना केली तर ही चिल्लर.

ब्लेस घ्या. क्लेरिकचा पहिल्या पायरीचा मंत्र, तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि बचावाच्या फाशात चार बाजूंचा एक फासा मिळवतो. तिसऱ्या पायरीच्या स्लॉटमधून तो पाच जणांना लागतो, म्हणजे सगळा चमू आशीर्वादाखाली. होल्ड पर्सन दुसऱ्या पायरीला एका माणसाला खिळवून ठेवतो, तिसऱ्या पायरीच्या स्लॉटमधून दोघांना. एड तिघांचे प्राणांक पाच-पाचने वाढवतो, तिसऱ्या पायरीच्या स्लॉटमधून दहा-दहाने. आता पातेलं वाया गेल्यासारखं वाटत नाही.

इराकडून शिकायचा पहिला धडा हा. दोन क्लासच्या मांत्रिकाने मंत्र निवडताना मोठ्या स्लॉटमध्ये कोणता फुगतो ते आधी पाहावं. काही मंत्र मोठ्या स्लॉटमध्ये टाकूनही आहेत तसेच राहतात. २०१४ च्या नियमांत स्पिरिच्युअल वेपनला दर दोन पायऱ्यांनी एक फासा मिळतो, त्यामुळे तिसऱ्या पायरीचा स्लॉट त्याला दुसऱ्याइतकाच.

दुसरा धडा इंटेलिजन्स १३ मधून येतो. विझर्डच्या वहीत इराने शत्रूला फासा टाकायला लावणारे मंत्र भरले तर ते निम्म्या वेळा वाया जातील. तिने तिच्या आकड्यावर अवलंबून नसलेले मंत्र घ्यावेत. शील्ड घेतलं की ऐन हल्ल्याच्या क्षणी चिलखताचा आकडा ५ ने वाढतो, बुद्धी कितीही असो. मॅजिक मिसाइल चुकत नाही. डिटेक्ट मॅजिक आणि फाइंड फॅमिलियर यांना इंटेलिजन्स किती हे विचारायची गरजच पडत नाही. कमजोर गुणाच्या क्लासमधून मदतनीस मंत्र आणि बलवान गुणाच्या क्लासमधून मारक मंत्र, एवढी वाटणी पाळली तर बहुतेक चुका टळतात.

पाचवी लेव्हल आणि सतरावी

दुसरा क्लास कधी घ्यायचा, हा सगळ्यात खर्चिक प्रश्न. पाचवी लेव्हल या खेळातला घाट आहे. पूर्ण मांत्रिकांना तिथे तिसरी पायरी उघडते: विझर्डला फायरबॉल, क्लेरिकला स्पिरिट गार्डियन्स आणि मेलेल्याला मिनिटाभराच्या आत परत आणणारा रिव्हिव्हिफाय. लढवय्यांना त्याच लेव्हलला एका पाळीत दोन हल्ले मिळतात. इराने हा घाट चढण्याआधीच रस्ता बदलला. क्लेरिकच्या तिसऱ्या पायरीसाठी तिला एकूण सातव्या लेव्हलपर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर शेजारचा विझर्ड चौथ्या पायरीवर असेल.

म्हणून सर्वसाधारण सल्ला असा की मुख्य क्लास आधी पाचव्या लेव्हलपर्यंत न्या, मग वळा. अपवाद एका लेव्हलच्या डुबकीचा. विझर्डने सुरुवातीलाच क्लेरिकची एक लेव्हल घेतली तर त्याला मध्यम चिलखत आणि ढाल मिळते, आणि ते वापरता येत असेल तर चिलखतात राहूनही विझर्डचे मंत्र म्हणता येतात. किंमत एवढीच की त्यापुढची प्रत्येक पायरी एक लेव्हल उशिरा येते. पातेली तर सगळ्यांसोबतच मिळतात.

दुसऱ्या टोकाला १७ हा आकडा आहे. पूर्ण मांत्रिकाला नववी पायरी सतराव्या क्लास-लेव्हलला मिळते. एकूण लेव्हल २०. म्हणजे नववी पायरी हवी असेल तर बाहेर उधळायला तीनच लेव्हल हातात उरतात. इराने दहा-दहाची वाटणी केली तर विसाव्या लेव्हलला तिच्याकडे नवव्या पायरीचं पातेलं असेल आणि दोन्ही वह्यांत पाचव्या पायरीपर्यंतचेच मंत्र. मोहीम बाराव्या लेव्हलला संपणार असेल तर या हिशेबाला काही अर्थ नाही. म्हणूनच मोहीम कुठवर जाणार हे डीएमला आधीच विचारावं.

अर्धे मांत्रिक, तिहाई मांत्रिक

पॅलाडिन आणि रेंजर हे अर्धे मांत्रिक. बेरजेत त्यांच्या निम्म्या लेव्हल धरतात. फायटरची एल्ड्रिच नाइट आणि रोगची आर्केन ट्रिकस्टर ही शाखा घेतली असेल तर त्या क्लासची एक तृतीयांश लेव्हल धरतात.

अपूर्णांक कुठे टाकायचा? २०१४ च्या पुस्तकात खाली. पॅलाडिनच्या पाच लेव्हल म्हणजे दोन. याचा विचित्र परिणाम पाहा. निव्वळ पॅलाडिन ५ स्वतःच्या तक्त्याने पहिल्या पायरीचे ४ आणि दुसऱ्याचे २ स्लॉट बाळगतो. त्याने सॉर्सररची एक लेव्हल घेतली की नवा तक्ता लागू होतो, बेरीज २ + १ म्हणजे ३, आणि तिसऱ्या ओळीवर पुन्हा ४ आणि २. एक लेव्हल वाढून स्लॉट तेवढेच. २०२४ च्या पुस्तकाने पॅलाडिन आणि रेंजरचा अपूर्णांक वर न्यायला सांगितलं, त्यामुळे तोच कॅरेक्टर चौथ्या ओळीवर जातो आणि त्याला एक स्लॉट जास्त मिळतो. जुन्या नियमांनी खेळत असाल तर पॅलाडिन सम आकड्यावर सोडावा.

बेरजेचा हा तक्ता मंत्र म्हणणारे क्लास दोन असतील तरच वापरायचा, हेही लक्षात ठेवा. पॅलाडिनला साधा फायटर जोडला तर पॅलाडिनचा स्वतःचा तक्ताच चालू राहतो.

पॅलाडिन आणि सॉर्सरर ही जोडी एवढी गाजली त्यालाही कारण पातेलीच. २०१४ च्या नियमांत पॅलाडिनला वार लागल्यावर एक स्लॉट जाळून डिव्हाइन स्माइट करता येतो: पहिल्या पायरीला आठ बाजूंचे २ फासे, पुढच्या प्रत्येक पायरीला एक जास्त, कमाल ५. इथे मंत्र येतो की नाही याला महत्त्वच नाही, पातेलंच इंधन होतं. पॅलाडिन ६ आणि सॉर्सरर १४ म्हणजे मांत्रिक-लेव्हल १७, नवव्या पायरीच्या स्लॉटसकट. शिवाय दोघांचा गुण करिझ्मा. २०२४ मध्ये मात्र स्माइट स्वतःच एक मंत्र झाला आणि तो बोनस ॲक्शनने करावा लागतो, त्यामुळे एका पाळीत तो एकदाच बसतो. जोडी अजूनही चांगली आहे, पण एकाच पाळीत तीन-चार स्लॉट जाळण्याचे दिवस संपले.

वॉरलॉकचा वेगळा गल्ला

वॉरलॉक या बेरजेत बसत नाही. त्याची शक्ती करारातून येते आणि त्याचे स्लॉट वेगळे मोजतात. दोन लेव्हलच्या वॉरलॉककडे पहिल्या पायरीचे दोन स्लॉट, तिसऱ्या लेव्हलला तेच दोन दुसऱ्या पायरीचे, पाचव्या लेव्हलला तिसऱ्या पायरीचे. संख्या थोडी, पण तासाभराच्या छोट्या विश्रांतीत ते परत मिळतात. सॉर्सरर ३ आणि वॉरलॉक २ असाल तर सॉर्सररचे ४ आणि २ एका गल्ल्यात, वॉरलॉकचे २ दुसऱ्या गल्ल्यात. खर्च करताना मात्र दोन्ही गल्ले एकमेकांच्या मंत्रांना चालतात.

याच फटीतून एक प्रसिद्ध पळवाट निघाली. सॉर्सररला स्लॉट मोडून सॉर्सरी पॉइंट करता येतात आणि पॉइंट मोडून स्लॉट. २०१४ च्या नियमांनुसार असे बनवलेले स्लॉट लांब विश्रांतीनंतर नाहीसे होतात. मग कुणीतरी विचार केला: झोपायचंच नाही! छोटी विश्रांती घ्यायची, वॉरलॉकचे स्लॉट मोडायचे, त्यातून सॉर्सररचे नवे स्लॉट बनवायचे, पुन्हा छोटी विश्रांती. कॉफी पिऊन जागणाऱ्या या मांत्रिकाला 'कॉफीलॉक' म्हणतात. २०१७ च्या झॅनॅथर्स गाइड टू एव्हरीथिंगमध्ये लांब विश्रांती टाळणाऱ्याला थकवा येण्याचा ऐच्छिक नियम आहे. बहुतेक डीएमना तोही लागत नाही, ते नुसतं "नको" म्हणतात आणि ते योग्यच करतात.

वॉरलॉकची डुबकी लोकप्रिय असण्याचं खरं कारण मात्र एल्ड्रिच ब्लास्ट आहे, आणि त्यातून पुढचा नियम समजतो.

काय एकूण लेव्हलवर वाढतं, काय क्लासच्या लेव्हलवर

कॅन्ट्रिप म्हणजे स्लॉट न लागणारे छोटे मंत्र. ते एकूण लेव्हलवर वाढतात: ५, ११ आणि १७ व्या लेव्हलला. म्हणून एल्ड्रिच ब्लास्ट या वॉरलॉकच्या कॅन्ट्रिपच्या किरणांची संख्या वॉरलॉकच्या किती लेव्हल घेतल्या याच्यावर ठरत नाही. बार्ड १५ आणि वॉरलॉक २ हासुद्धा सतराव्या लेव्हलचे चार किरण सोडतो, आणि ॲगोनायझिंग ब्लास्ट घेतलं असेल तर प्रत्येक किरणाला करिझ्माचा फायदा. प्रावीण्य बोनसही एकूण लेव्हलवरच ठरतो.

गुण वाढवायची किंवा फीट, म्हणजे एखादं खास कसब, घ्यायची संधी मात्र प्रत्येक क्लासच्या चौथ्या लेव्हलला येते, मग आठव्या, बाराव्या अशी. क्लेरिक ३ आणि विझर्ड २ असलेल्या इराला पाचव्या लेव्हलपर्यंत ही संधी एकदाही मिळालेली नाही. निव्वळ क्लेरिकने चौथ्या लेव्हललाच विझडम १८ केलं असतं आणि तिचा आकडा १५ झाला असता. म्हणून क्लास सोडायचा तर चौथ्या किंवा आठव्या लेव्हलवर सोडावा. तिसऱ्यावर सोडलं तर तोंडाशी आलेला घास गेला.

पहिला क्लास कोणता

पहिल्या लेव्हलचा क्लास दुसऱ्यांदा निवडता येत नाही. बचावाच्या फाशातलं प्रावीण्य फक्त त्याच क्लासचं मिळतं. सॉर्सररला कॉन्स्टिट्यूशनचं प्रावीण्य असतं, आणि ते मांत्रिकाला सोन्याच्या मोलाचं. कारण ब्लेससारखे बरेच मंत्र एकाग्रतेवर टिकतात. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा फासा टाकावा लागतो, १० किंवा नुकसानाच्या निम्मे यांपैकी जास्त असेल तो आकडा गाठावा लागतो. नाही गाठला तर मंत्र तुटतो. उलट पॅलाडिनपासून सुरुवात केली तर जड चिलखत मिळतं, जे नंतर पॅलाडिन झाल्यावर मिळत नाही. सॉर्सररची सुरुवात एकाग्रता टिकवते, पॅलाडिनची सुरुवात अंग. सहाव्या लेव्हलला पॅलाडिनच्या प्रभामंडलात करिझ्माचा फायदा सगळ्या बचावांना मिळतो, त्यामुळे तिथवर जाणार असाल तर पॅलाडिनपासूनच सुरुवात करावी.

एकाग्रतेची दुसरी मर्यादा याहून कडक आहे: एका वेळी असा एकच मंत्र. दोन क्लासमुळे मंत्रांची यादी दुप्पट होते, डोकं एकच राहतं. ब्लेस चालू असताना होल्ड पर्सन टाकलात की ब्लेस गेला. म्हणून दोन वह्यांतला प्रत्येक मंत्र निवडताना त्यापुढे 'एकाग्रता हवी' की 'नको' हे लिहून ठेवा. 'हवी'चे फार जमले तर त्यातले निम्मे खेळात कधी वापरलेच जाणार नाहीत.

अगदी बारीक अडचणी हातांच्याही आहेत. क्लेरिकने ढालीवर दैवचिन्ह कोरलं की ढालच त्याचं साधन होते. त्याच ढालीवरून विझर्डचा मंत्र म्हणता येत नाही, विझर्डचं साधन वेगळं लागतं. एका हातात ढाल, दुसऱ्यात गदा असेल तर तिसरा हात कुठून आणणार?

कोणती डुबकी घ्यावी

२०१४ च्या नियमांत क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉक पहिल्याच लेव्हलला आपली शाखा देत. त्यामुळे एका लेव्हलच्या डुबकीत भरपूर हाती लागे. वॉरलॉकची हेक्सब्लेड शाखा एका लेव्हलला करिझ्मावर तलवार चालवू देत असे, आणि पॅलाडिन तिथे रांग लावून उभे असत. २०२४ मध्ये सगळ्या शाखा तिसऱ्या लेव्हलला गेल्या. डुबकी अजून घेता येते, पण आधीपेक्षा पाणी उथळ आहे. बाल्डर्स गेट ३ हा २०२३ चा संगणकीय खेळ खेळून टेबलावर आलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तिथे १३ ची अट नाही आणि लेव्हल बारावर थांबते. तिथे जमलेली जोडी इथे तशीच्या तशी जमेलच असं नाही.

मल्टिक्लासिंग हा २०१४ च्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे, म्हणजे डीएमने हो म्हटलं तरच. तेव्हा पेन्सिल टेकवण्याआधी कागदाच्या मागच्या बाजूला लेव्हलगणिक एकेक ओळ ओढा. प्रत्येक ओळीवर क्लास लिहा, त्या ओळीवरचं सगळ्यात मोठं पातेलं लिहा आणि शेजारी सगळ्यात मोठ्या पाककृतीची पायरी लिहा. दोन आकड्यांत एकाचं अंतर असेल तर बिनधास्त जा. दोनाचं असेल तर मोठ्या स्लॉटमध्ये फुगणारे मंत्र हाताशी आहेत का ते पाहा. तीन किंवा जास्तीचं असेल आणि स्लॉट जाळायला स्माइटसारखं काही नसेल, तर तो कॅरेक्टर तुम्हाला कंटाळवाणा वाटेल. तो कागद डीएमला दाखवा आणि मोहीम कितव्या लेव्हलपर्यंत जाणार हे विचारून घ्या. मग थोडी विझर्ड व्हायचं म्हणजे किती थोडी, हे तुमचं तुम्हालाच त्या कागदावर दिसेल.